आरशामागच्या दोन लाद्या

माझं आयुष्य दुसऱ्यांची मापं घेण्यात गेलं. बत्तीस वर्षं मी ब्लाउज शिवतेय. बाई दारातून आत आली की टेप हातात घ्यायच्या आधीच मला तिचा खांदा, छाती, बाही कळते. टेप लावते ती समोरचीच्या समाधानासाठी. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या, मला ती मारायला फारशा जागा मिळालेल्या नाहीत. पण ज्या एका माणसाचं माप बरोबर यायला हवं होतं तेच मी चुकले, आणि ती चूक आमच्या नव्या घराच्या मागच्या पडवीत अजून भिंतीवर दिसते.

आमचे हे जहाजावर असतात. कप्तान वगैरे नाहीत. इंजिनरूममध्ये, तेल आणि ग्रीसच्या कामावर. नऊ महिने तिकडे, तीन महिने इकडे, कधी दहा आणि दोन. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली असं मी लोकांना सांगते तेव्हा मलाच ते मनातून खोटं वाटतं. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं माझी एकटीची. मुलीचं बारसं, तिचा दहावीचा निकाल, माझं गर्भाशयाचं ऑपरेशन, सगळं ह्यांना नंतर फोनवर कळलं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि रत्नागिरीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी, मशीन आणि लोकांचे ब्लाउज एवढेच उरलो.

मिरजोळ्याच्या बाजूला सड्यावर, वरच्या मोकळ्या पठारावर, आम्ही जागा घेऊन ठेवली होती. ह्यांनीच एका सुट्टीत ती पसंत केली होती, दहा मिनिटांत. समोर रस्ता, मागे काळा कातळ, काजूची चार झाडं, त्यापलीकडे नुसतं आभाळ. नातेवाइकांनी नाकं मुरडली. जहाजावरच्या माणसाचं घर आणि समुद्र दिसत नाही म्हणजे काय! ह्यांनी कुणालाच उत्तर दिलं नाही, ह्यांची तशी पद्धतच आहे. मग एक दिवस कुठल्याशा बंदरातून फोन आला. "बांधायला काढ घर. घर पुरं झालं की मी उतरतो. मग परत चढणार नाही."

जहाजावरची माणसं असंच बोलतात. कामावर गेले म्हणजे चढले, सुट्टीवर आले म्हणजे उतरले. परत चढणार नाही, हे शब्द मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. दिवाळीनंतर चिरा पडला, जोतं झालं, भिंती वर गेल्या, आणि गवंडी म्हणाला प्लास्टरला महिना लागेल की मी म्हणायची वीस दिवसांत करा. लोकांना वाटायचं, बाईला नव्या घराची केवढी हौस! हौस होतीच. पण घाई मला ह्यांची होती.

भिंती उभ्या राहीपर्यंत मला एकटेपण फारसं जाणवलं नाही. चिरा, वाळू, सिमेंट यात निवडायचं काय असतं? लाद्या घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र ते अंगावर आलं.

दुकान मिरजोळ्याला कारखान्यांच्या वसाहतीतच आहे. दुकानात तिला टाइल म्हणतात, आम्ही लादीच म्हणतो. आत गेल्यावर दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या, त्यांवर नमुने चिकटवलेले, पुस्तकाच्या पानासारख्या त्या उलटायच्या. आणि प्रत्येक फळीसमोर एकेक जोडपं. ती म्हणतेय पांढरी, तो म्हणतोय पांढऱ्यावर डाग दिसतील. ती म्हणतेय डाग तुला कधीपासून दिसायला लागले. एका जोडप्याचं तर एवढं पेटलं की बाई तरातरा बाहेर जाऊन स्कूटरवर बसली. नवरा मागून गेला, दहा मिनिटांनी दोघं परत आली आणि तिला हवी होती तीच लादी घेऊन गेली. मला त्या भांडणाचा हेवा वाटला. खरंच सांगते, इतका हेवा मला कुणाच्या दागिन्यांचा कधी वाटला नाही.

काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. तिने मला प्लास्टिकची खुर्ची दिली आणि विचारलं, "मॅडम, सर पोचतायत ना?"

"सर ब्राझीलला आहेत," मी म्हटलं.

तिला वाटलं मी थट्टा करतेय.

मग माझं फोटो काढणं सुरू झालं. हॉलची लादी, स्वयंपाकघराची लादी, मोरीची लादी. फोटो काढायचा, पाठवायचा, आणि ह्यांच्या जहाजाला रेंज मिळेपर्यंत थांबायचं. कधी दोन दिवसांनी, कधी पाच दिवसांनी उत्तर यायचं. उत्तर एकच, "चालेल." पांढरी पाठवली, चालेल. राखाडी पाठवली, चालेल. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, ग्रे घे, सगळे ग्रेच घेतात." ते ह्यांना कळवलं, तर तेही चालेल. एकदा मला राग आला. दुकानाच्या कोपऱ्यात एक भयंकर लादी होती, तिच्यावर गुलाबाचे ताटवे आणि मधोमध मोर. मी मुद्दाम त्या मोराचा फोटो पाठवला आणि लिहिलं, ही हॉलमध्ये सगळीकडे लावू या म्हणते. चौथ्या दिवशी उत्तर आलं, "चालेल. तुला आवडली ना मग झालं."

दुकानाबाहेर रिक्षात बसून मी ते वाचलं आणि हसले, आणि हसता हसताच रडू यायला लागलं. रिक्षावाला ओळखीचा होता, त्याने आरसा वळवला. माणूस चांगला आहे, हे सगळं तुझ्यावर सोडतोय, असं लोक मला सांगायचे. त्यांच्या नवऱ्यांनी सगळं त्यांच्यावर सोडलं असतं म्हणजे कळलं असतं. मला कुणी तरी "नको" म्हणणारं हवं होतं. एवढ्या मोठ्या घरात एक तरी वस्तू अशी हवी होती की जी बघून मी म्हणेन, ही माझी नव्हे, ही ह्यांची निवड.

आणि ती मिळाली. मार्चमध्ये एकदा रेंज चांगली होती, आम्ही बराच वेळ बोललो. फोन ठेवता ठेवता हे म्हणाले, "मागच्या पडवीत एक बेसिन बसव. वर छोटा आरसा. दाढी उजेडात करीन म्हणतो."

ह्यांची खोली जहाजाच्या पोटात असते, हे मला माहीत होतं. खिडकी नाही, दिवसरात्र ट्यूबलाइट. पण तीस वर्षं हा माणूस ट्यूबलाइटखाली दाढी करतोय आणि त्याला त्याचं काही वाटत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "बसवते की. तुम्हाला हवं तसं बसवते."

त्या चार फूट भिंतीसाठी मी जेवढी पायपीट केली तेवढी सगळ्या घरासाठी केली नाही. दुकानातल्या मुलीला सांगितलं, साहेबांच्या बेसिनची भिंत आहे. एव्हाना साहेब खरोखरच जहाजावर आहेत हे तिला पटलं होतं. तिने उत्साहाने निळ्या लाद्या काढल्या. लाटांच्या, शिंपल्यांच्या, एकीवर तर नांगर. मलाही वाटलं, शोभेल. फोटो पाठवला.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. "निळी नको."

मी तो फोन हातात घेऊन किती वेळ उभी होते. मग मुलीला फोन लावून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, त्यात काय एवढं?" शेजारणीला दाखवलं, तीही म्हणाली त्यात काय एवढं. काय एवढं ते मला कळत होतं. माणूस पाण्याला कंटाळला होता. समुद्र न दिसणारी जागा त्याने दहा मिनिटांत का घेतली, तेही मला तेव्हा कळलं, म्हणजे घर छपरापर्यंत आल्यावर. निळ्या लाटांचे दहा फोटो मी आनंदाने पुसून टाकले.

मग मी कौलाच्या रंगाची लादी निवडली. चकचकीत नाही, हाताला किंचित खरखरीत, फूटभर लांब आणि अर्धा फूट उंच. नमुन्याची एक लादी मागून घेतली आणि कापडी पिशवीत घालून रिक्षात मांडीवर धरून घरी आणली. आठ दिवस ती माझ्या मशीनवर भिंतीला टेकवून ठेवलेली होती. सकाळच्या उजेडात बघितली, दुपारी बघितली, दिव्याखाली बघितली. ब्लाउज घ्यायला येणाऱ्या बायका विचारायच्या, हे काय? मी सांगायची, आमच्या ह्यांची लादी. एकटं राहिलं की माणूस लादीशीही बोलायला लागतं. मी तिला एकदा विचारलंसुद्धा, आवडशील ना गं त्यांना?

फोटो गेला. उत्तर आलं, "ही चालेल."

नुसतं चालेल नव्हे. ही चालेल. अठ्ठावीस वर्षं ज्या बाईने माणसाला कागदावर वाचलंय तिला हा फरक कळतो.

लाद्या बसवणारा मिस्त्री दाभोळचा. घरातले सगळे होडीवर, हा एकटा जमिनीवर. तोंडात सतत काही तरी चघळत असायचा, पण हात असा साफ की बघत राहावं. बसवलेल्या प्रत्येक लादीवर थापीच्या मुठीने टकटक करायचा. आवाज बद्द आला की लादी उचलून खाली पुन्हा सिमेंटचा माल भरायचा. मलाही त्याने तो आवाज ओळखायला शिकवलं. पडवीच्या भिंतीसाठी मी माझी टेप काढली, भिंत मोजली, नळाची जागा वजा केली, आणि लाद्यांचा नेमका आकडा काढला.

"वैनी, चार जास्ती घ्या. कापताना फुटतात ओ," मिस्त्री म्हणाला. "मंग तीच शेड मिलत नाय."

"माझ्या हातून बत्तीस वर्षांत वीतभर कापड वाया गेलेलं नाही," मी म्हटलं. "मोजून आणलंय तेवढ्यातच बसवायचं."

तो हसला आणि चघळत राहिला. नळासाठी भोक पाडताना एक फुटली, कोपऱ्याला कापताना दुसरी. मी रिक्षा करून दुकानात गेले. त्या लॉटमधली एकही उरली नव्हती. दुसऱ्या लॉटच्या दोन मिळाल्या, नाव तेच, नंबर तोच, पण रंग एक झाक पिवळा. दुकानातली मुलगी म्हणाली फरक कळणार नाही. ज्या बाईला काळ्या दोऱ्याच्या सात छटा वेगळ्या दिसतात तिला ती हे सांगत होती. परत येऊन मी मिस्त्रीवर ओरडले, माझ्यावर ओरडायला तिथे दुसरं कुणी नव्हतं म्हणून. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "आरसा येतो ना वर? दोन्ही त्याच्याखाली टाकतंय. कुनाला कलनार नाय."

आरसा दोन फूट रुंद आणि फूटभर उंच होता. मिस्त्रीने पेन्सिल कानामागून काढली.

"सायबांची उची किती, वैनी?"

मी तोंड उघडलं आणि आकडा काही आला नाही. ह्यांचे कपडे सगळे बंदरांवरचे, तयार. मी बायकांचे ब्लाउज शिवणारी, ह्यांचं माप घ्यायचा प्रसंगच आला नव्हता. गावातल्या कुठल्याही बाईचा खांदा मी सांगितला असता, आणि स्वतःचा नवरा केवढा उंच आहे ते मला आठवावं लागत होतं. मिस्त्री वाट बघत होता. मला लाज वाटली. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, तळहात डोक्यावर आडवा धरला आणि एक वीत वर नेला. "एवढे."

त्याने रेघ मारली आणि तिथून खाली मोजायला लागला. तेवढ्यात मला आठवलं, जहाजावर ह्यांना सगळीकडे वाकून चालावं लागतं. पाइप, दारं, जिने. मी म्हटलं, "आणखी दोन बोटं वर घ्या आरसा. घरात तरी त्यांना वाकायला नको." मिस्त्रीने मान हलवली, दोन स्क्रूंसाठी दोन भोकं पाडली आणि त्या दोन पिवळट लाद्या आरशाच्या वरच्या भागाखाली नाहीशा झाल्या. मला फार हायसं वाटलं.

वास्तुशांत वैशाखात धरली होती, ह्यांच्या उतरण्याच्या तारखेवर. तारीख पुढे गेली. जहाज कुठे तरी माल उतरवायला नंबर लावून उभं होतं. भटजी, मांडव, जेवणावळ सगळं ठरलेलं. वास्तुशांतीला जोडपं लागतं. मग माझे धाकटे दीर आणि जाऊ पाटावर बसली. मी बांधलेल्या घरात, मी निवडलेल्या लादीवर, माझी जाऊ शालू नेसून बसली होती आणि मी स्वयंपाकघराच्या दारात आचाऱ्याला नारळ फोडून देत होते. जावेचा काही दोष नाही. तिने दोनदा मागे वळून बघितलं, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. आलेल्या बायकांनी मोऱ्यांत डोकावून पाहिलं, नळ सोडून पाहिले, लाद्या छान आहेत म्हणाल्या. "एकटीने केलंस हो सगळं!" असं प्रत्येकीने म्हटलं. संध्याकाळी सगळे गेले आणि त्या नव्या, गुळगुळीत, मोकळ्या घरात माझ्या चपलेचा आवाज मला ऐकू यायला लागला.

हे जूनच्या शेवटी आले. एक मोठी बॅग, एक छोटी. दारात उभे राहून त्यांनी घराकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान झालंय." मग जहाजावरचे जाड बूट काढून एका कोपऱ्यात नीट जोडून ठेवले, दुसऱ्याच्या घरी ठेवतात तसे.

मी धरून चालले होते की ह्यांनी उंबरा ओलांडला की माझं एकटेपण संपेल. तसं झालं नाही, आणि हे मी कुणाला सांगूही शकत नव्हते. हे दिवा लावायच्या आधी विचारायचे, "हा कुठून लागतो?" कपाट उघडायच्या आधी विचारायचे. पानात पडेल ते खायचे. मीठ कमी पडलं तरी खायचे, मी पहिला घास घेतला की मला कळायचं. टॉवेलची घडी घालून ठेवायचे. मोठी बॅग पलंगाखाली, कपडे काढून लावलेले नाहीत. मी म्हटलं, कपाटात अर्धी जागा तुमची आहे. म्हणाले, "लावीन की. घाई काय?" त्या घरात पहिल्यांदा कुणी तरी घाई काय म्हणालं.

आम्हाला बोलायची सवयच फोनवर. रेंज असली की संध्याकाळी सातला ह्यांचा फोन यायचा, तेव्हा मी दिवसभराचं साठवून ठेवलेलं सांगायची. आता सात वाजले की माझं लक्ष फोनकडे जायचं. हे पलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसलेले असायचे, आणि मला ह्यांच्या फोनची आठवण यायची. एका घरात दोघं असून इतकं एकटं वाटू शकतं, हे मला त्या दोन खोल्यांत एकटी असताना कधी कळलं नव्हतं.

पडवीतलं बेसिन मात्र ह्यांना आवडलं असावं. रोज सकाळी हे तिथे जायचे, बराच वेळ लागायचा. मी मुद्दाम तिकडे फिरकत नसे. म्हटलं, तेवढी जागा तरी त्यांची त्यांना असू दे. एकदा विचारलं, आरसा बरा आहे ना? उत्तर तेच. "चालेल."

श्रावणात एका सकाळी मागच्या दोरीवर वाळत घातलेला परकर आणायला मी स्वयंपाकघराच्या दारातून पडवीत पाऊल टाकलं. हे माझ्याकडे पाठ करून उभे होते. इंजिनच्या आवाजाने कान अधू झालेत, त्यांना मी आल्याचं कळलं नाही. आधी मला काय दिसतंय ते समजेना. ह्यांच्या टाचा जमिनीवर नव्हत्या. माणूस चवड्यांवर उभा होता. एका हाताने बेसिनची कड धरलेली, मान ताणून हनुवटी वर केलेली, आणि दुसऱ्या हाताने रेझर. थोडी दाढी करायची, टाचा टेकायच्या, श्वास घ्यायचा, पुन्हा चवड्यांवर. पोटऱ्या थरथरत होत्या. आरशात ह्यांना स्वतःचं कपाळ आणि नाक दिसत असणार. हनुवटीसाठी हे असं चढावं लागत होतं. सहा आठवडे, रोज.

मी तशीच आत आले. ओट्याला धरून उभी राहिले. ब्लाउज काखेत तंग झाला तर परकी बाई दारात येऊन ओरडते, हात वर होत नाही, दिसत नाही का तुम्हाला! आणि हा माझा नवरा महिना-दीड महिना चवड्यांवर उभा राहून मला चालेल म्हणत होता. असं फक्त पाहुणा करतो. पाहुणा दुसऱ्याच्या घराला नाव ठेवत नाही, त्याला माहीत असतं आपल्याला जायचंय.

हे आत आले तेव्हा मी विचारलं, "आरसा वर आहे हे सांगितलं का नाहीत?"

"अगं, होतं की काम."

"चवड्यांवर उभं राहून?"

हे ओशाळले. "तू एवढं सगळं एकटीने केलंस. मी इथे नव्हतो. आता येऊन त्यात मी काय चुका काढू?"

मला रागही आला आणि रडूही. मी म्हटलं, "इकडे या." पडवीत नेलं, भिंतीला पाठ लावून उभं केलं, अनवाणी. शेजारी मी उभी राहिले, मीही अनवाणी. तळहात डोक्यावर आडवा धरला आणि वर नेला. वीत नव्हतीच. चार बोटं कमी. त्यात मी मिस्त्रीला सांगितलेली दोन बोटं आणखी.

चार बोटं कुठून आली, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. सुट्टीवर आलेला माणूस घरात बसलेला असतो नाही तर आडवा असतो. आम्ही शेजारी शेजारी सरळ उभे राहायचो ते फक्त स्टेशनवर, हे निघताना. तेव्हा ह्यांच्या पायांत ते जाड तळव्यांचे जहाजावरचे बूट असायचे आणि मी मान वर करून बघत असायची. मिस्त्रीला मी निरोपाच्या वेळची उंची सांगितली होती. दुसरी मला माहीतच नव्हती. मी हे ह्यांना सांगितलं. हे भिंतीपासून बराच वेळ हलले नाहीत.

मिस्त्री गणपतीनंतर आला. आरसा सहा बोटं खाली घेतला, भोकं नवी पाडली. जुनी दोन भोकं उघडी पडली आणि त्या दोन पिवळट लाद्याही. सगळ्या भिंतीवर नजर आधी तिथेच जायची, चांगल्या ब्लाउजला भलत्याच कापडाचं ठिगळ लावावं तशी. मिस्त्री म्हणाला, "भोकं भरतंय, लाद्यांचा काय नाय करू शकत. तेवाच बोल्लो होतो वैनी, चार जास्ती घ्या." मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यात कंपनीचा फोन आला होता. मी पोळ्या लाटत होते, ह्यांचं बोलणं कानावर पडलं. हे म्हणत होते, "हो. हो. कळवतो." मी काही विचारलं नाही. बॅग पलंगाखाली होती.

आरसा खाली घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला आधण ठेवत होते. पडवीचं दार उघडंच होतं. ह्यांच्या टाचा जमिनीवर होत्या. दाढी झाली, तोंड धुऊन झालं. टॉवेल खांद्यावर टाकून हे दोन पावलं मागे सरकले, भिंतीकडे बघत राहिले, मग पुढे होऊन त्यांनी बोटाने लादी चाचपली.

"अगं, इकडे ये जरा."

मी गेले.

"ह्या दोन वेगळ्या आहेत."

"हो."

"आणि भोकं बुजवलेली दिसतायत."

"दिसतायत."

"वाईट दिसतं गं हे."

अठ्ठावीस वर्षांत ह्यांनी माझ्या कुठल्याही कामाला वाईट म्हटलेलं नव्हतं. माझा पदर हातात होता, तो तसाच राहिला. मी म्हटलं, "त्या लॉटचा माल मिळत नाही आता."

"मग ही सगळी भिंत उतरवू. मिस्त्रीला बोलाव, हाताशी मी राहीन. पाऊस जाऊ दे पुरता."

"तोवर तुम्ही..."

"तोवर काय?"

"तोवर असंच राहू दे, म्हटलं."

"असंच कसं राहू दे?" हे चिडून म्हणाले. खरंच चिडून. "रोज सकाळी मला दिसणार ते!"

मी आत गेले. आधण खळखळ उकळत होतं. गॅस बंद करून मी ओट्यापाशी उभी राहून रडले, आणि हे मागोमाग येऊन "काय झालं, काय झालं" विचारत राहिले, तरी मी सांगितलं नाही.

बॅग अजून पलंगाखालीच आहे. ती मी ओढून बघितलेली नाही, आणि कंपनीला काय कळवलं तेही विचारलेलं नाही. हे रोज सकाळी त्या दोन लाद्यांवरून कुरकुर करतात. परवा दुकानातल्या त्या मुलीचा फोन आला. मोठ्या आनंदाने म्हणाली, "मॅडम, तुमच्या जुन्या लॉटचा एक बॉक्स गोदामात सापडला. आज पाठवू?"

मी पडवीकडे बघितलं. हे नखाने लादीचा सांधा खरवडत होते.

"ठेवून दे तिथेच," मी हळूच म्हटलं. "घाई नाही."